तात्या, तुम्ही टेप घेऊन आलात त्याबद्दल

तात्या, नमस्कार.

तुमचा बटणांचा फोन, त्यामुळं हे तुम्हाला दिसणार नाही. पण वहिनींना पाठवतोय, त्या वाचून दाखवतील. समोर येऊन सांगायचा प्रयत्न केला तर तुम्ही "असू दे की रं" म्हणून उठून आत गेलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, आणि मला ते सगळ्यांसमोरच लिहायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. फुटबॉल खेळताना माझ्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले यंदाचा पावसाळा गाडी चालवायची नाही. मागं बसून हळू गेलास तर चालेल, पण गुडघा फार दुमडून ठेवायचा नाही. बास, दवाखान्याचं एवढंच.

बाहेरच्या माणसाला वाटेल एक पावसाळा गेला तर काय बिघडलं. कोल्हापुरात ज्याच्याकडं गाडी आहे त्याला विचारा. इथं वर्षभर ज्याची वाट बघायची ते हे चार महिने. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर, तिथनं पुढं मसाई पठार, तिकडं राधानगरी दाजीपूर, इकडं आंबा घाट, लांब जायचं असेल तर आजऱ्यावरनं आंबोली, आणि माझा सगळ्यात जीव ज्याच्यावर आहे तो गगनबावडा, ५५ किलोमीटरच्या आसपास, सकाळी निघालं की जेवायला घरी. त्यात परत पाऊस जास्त झाला की रस्ताच बंद. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि त्याच्या आधीच गगनबावडा रोडवर मांडुकली, खोकुर्ले, लोंघे, किरवे, कुठं ना कुठं पाणी आलेलं असतंय. म्हणजे रस्ता चालू, धबधबे चालू आणि आपल्याला सुट्टी, हे तिन्ही जुळणारे रविवार मुळात थोडेच. ते एकेक करून जाताना मी गॅलरीत खुर्ची टाकून बसून बघत होतो. पहाटे गल्लीतनं गाड्या बाहेर पडायच्या, आवाजावरनं मला कळायचं कोणाची कुठली. रविवार यायच्या आधी शनिवारी रात्रीच झोप लागायची नाही.

आणि आता ज्यांचं वाईट वाटतंय त्यांचंही लिहितो. नावं घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर फिरलो, आंबोलीवरनं येताना एकाची चेन तुटली तेव्हा ज्याच्यासोबत आजऱ्याच्या अलीकडं भर पावसात अंधार पडेपर्यंत थांबलो, त्या माणसांनी मला काय पाठवलं, तर धबधब्याचे फोटो. "मिस यू भावा." "लवकर बरा हो." मी एकदा सरळ विचारलं होतं की मागं बसून येऊ का, कोणाच्याही गाडीवर. उत्तर आलं, तुझ्यामुळं सगळ्यांना हळू जायला लागेल, पुढच्या वर्षी बघू. एकजण तर घरी येऊन माझा रेनसूट मागून घेऊन गेला, तू काय यंदा जाणार नाहीस म्हणून. मी दिला. पण तो गेल्यावर दार लावून बराच वेळ तसाच उभा होतो.

तात्या, आपली ओळख ती काय होती? जाता येता "बरं हाय न्हवं" एवढंच. तुम्ही एसटीत ड्रायव्हर होता, कोकणातल्या गाड्या चालवल्या, रिटायर झालात, तुमची ती उजव्या पायात गिअर असलेली जुनी बुलेट रोज सकाळी पुसता, माझी माहिती इथं संपत होती. एका संध्याकाळी तुम्ही जिना चढून वर आलात. आईला वाटलं काही काम असेल. तुम्ही मला "कसा आहेस" विचारलं नाही, "कधी बरा होणार" विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत, "गुडघा किती वाकतोय?"

मी नुसता बघत राहिलो. मग तुम्ही खिशातनं टेप काढला. मला दिवाणाच्या कडेवर बसवलंत, म्हणालात गाडीवर बसल्यागत बस, आता पाय खाली सोड, आता हळूहळू मागं घे, जिथं दुखायला लागंल तिथं थांब म्हणून सांग. आणि तुम्ही, या वयात, खाली फरशीवर बसून बुडापासनं तळव्यापर्यंतचं माप घेतलंत. एकदा नाही, परत एकदा पाय बदलून घेतलंत, चांगला पाय किती आणि हा किती. कागद सापडेना तर पेनानं आकडे तळहातावर लिहिलेत. चहा टाकते म्हणून आई आत गेली तोवर तुम्ही जिना उतरूनसुद्धा गेला होता.

मला त्या दिवशी काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. इतक्या लोकांनी इतक्या वेळा तब्येत विचारली, पण माझा पाय किती वाकतो हे डॉक्टर सोडून कोणाला माहीतच नव्हतं, कारण ते कोणाला लागणारच नव्हतं. तुम्हाला ते पाहिजे होतं कारण तुम्ही मला नेणार होता, आणि ते तुमचं आधीच ठरलेलं होतं.

मग तुम्ही उद्यमनगरात जाऊन पट्टी वेल्डिंग करून घेतलीत आणि डाव्या बाजूचं मागचं फूटरेस्ट खाली आणि थोडं पुढं आणलंत. डाव्या वळणावर गाडी कलली की खालचं फूटरेस्ट रस्त्याला घासणार, हे तुमच्याच लक्षात आलं म्हणून ते वर दुमडेल असं बिजागरीवर केलंत. पावसात बूट सटकू नये म्हणून त्याला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलंत. एवढं कोण करतं हो दुसऱ्याच्या पोरासाठी?

रविवारी आपण निघालो. रंकाळा, फुलेवाडी, बालिंग्याच्या पुलावर भोगावती दोन्ही काठ धरून लालभडक वाहत होती. कळ्यात चहा. चाळीसच्या वर तुम्ही गाडी नेलीच नाही. खड्डा आला की आधीच मोकळी करून हळूच काढायची, ब्रेकर आला की जवळजवळ थांबवायची. मधेमधे बाजूला घेऊन म्हणायचा, "उतर, पाय सोड जरा." मी म्हणायच्या आधी. आमच्या ग्रुपबरोबर ह्या रस्त्यानं किती वेळा गेलो असेन, पण ऐंशीनं जाताना मला रोप लावणीची माणसं कधी दिसलीच नव्हती, ह्यावेळी इरलं घेतलेल्या आजींनी हात केला तो पण दिसला. आसळजच्या पुढं डोंगर जवळ यायला लागला आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं.

गगनबावड्यात पोचलो तर सगळं धुकं. गगनगड दिसेना, काही दिसेना. मला वाटलं आता तुम्ही म्हणाल चल परत. तुम्ही टपरीवर कणीस घेतलंत आणि म्हणालात, "बस, फाटतंय आता." एक रस्ता करूळ घाटानं वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटानं, कुठल्या घाटात धुकं आधी हलतं, वारा कुठनं आला की उघडतं, हे तुम्हाला एसटीच्या सीटवरनं पाठ झालेलं. आणि खरंच फाटलं. खाली करूळचा रस्ता, कड्यावरनं जागोजागी पाणी कोसळतंय, आणि लांब खाली कोकण, हिरवंगार. हेल्मेट डोक्यावरच होतं म्हणून तुम्हाला दिसलं नसेल, मी रडत होतो.

मग घाटात दोन वळणं खाली नेलंत. खालनं भरलेला ट्रक आला तसं तुम्ही गाडी कडेला घेऊन थांबलात. चढणाऱ्याला वाट द्यायची, त्यो थांबला तर परत उचलायला त्रास हुतो, एवढंच म्हणालात. ट्रकवाल्यानं हात वर केला, तुम्ही पण केलात.

तेव्हापासनं माझ्या डोक्यात २०१९ चा महापूर येतोय. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलेलं, ट्रकवाले दिवसेंदिवस अडकलेले, आणि आजूबाजूच्या गावांतनं भाकऱ्या जात होत्या त्यांच्यासाठी. कोणाचा कोण, कुठल्या राज्यातला, भाषा पण कळत नाही, तरी किती माणसं आहेत ते मोजायचं आणि तेवढ्या भाकऱ्या थापायच्या. आपल्याकडं अशी माणसं आहेत, भरपूर आहेत, ती फोटो टाकत नाहीत म्हणून दिसत नाहीत. मला आमच्या गल्लीतलं एक इतक्या वर्षांनी दिसलं.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, कणसाचे पण नाही. ते फूटरेस्ट मात्र काढू नका. वहिनी सांगत होत्या, काकूंचे पण गुडघे दुखतात आणि आता त्या त्याच्यावर पाय ठेवून तुमच्या मागं जोतिबाला जाऊन आल्या, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

डॉक्टरनी सोडलं की पहिली फेरी माझ्या गाडीवर, मागं तुम्ही. आंबा घाट. चाळीसच्या वर नेणार नाही. आणि पेट्रोल माझं, ह्यावर वाद नको.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा