झळ सोसून धरलेली बाजू

धरमपेठ, नागपूर

प्रिय श्रीकांत,
स. न.

पत्र पोचलं. गरीब देशांनी एकमेकांच्या बाजूनं ठराव केल्यानं कुणाचं पोट भरतं, असं तू विचारतोस. नुसत्या ठरावानं नाहीच भरत. पण बाजू धरताना पदरचं काही सोडलं, तर जगात जी पत तयार होते ती पैशानं मिळत नाही.

१९७४ चा टेनिसचा डेव्हिस चषक घे. तुझ्या पुण्यातच सोव्हिएत संघाला हरवून भारतानं अंतिम फेरी गाठली. विजय आणि आनंद अमृतराज भरात होते. समोर होता वर्णद्वेषी राजवटीचा दक्षिण आफ्रिका. आपण खेळलोच नाही. चषक त्यांना न खेळता मिळाला, आणि आपल्याला तो आजवर एकदाही जिंकता आलेला नाही. हातातोंडाशी आलेला घास त्या पोरांना सोडावा लागला, याची मला अजून हळहळ वाटते. तरी निर्णय योग्यच होता. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, स्वातंत्र्य मिळालेलं नसताना भारतानं त्या देशाशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांच्या छळाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९९० मध्ये सुटका झाल्यावर मंडेला त्याच वर्षी भारतात आले, ते काय उगाच?

क्यूबाचंही तसंच. २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत त्या छोट्या देशानं पश्चिम आफ्रिकेत २५० हून अधिक डॉक्टर आणि परिचारक पाठवले. अमेरिकेच्या निर्बंधांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या आमसभेत १८७ देश क्यूबाच्या बाजूनं उभे राहिले. कारणं अनेक असतील, पण हे त्यातलं एक नक्की.

त्याच वर्षी आपल्याकडे सी-२० ची, म्हणजे जी-२० च्या नागरी संस्थांच्या गटाची, बैठक झाली, नागपूरच्या भिंती रंगल्या. पुढे दिल्लीत आफ्रिकी संघ जी-२० चा सदस्य झाला. मला मनापासून आनंद झाला, पण त्यासाठी आपल्याला काही सोडावं लागलं नव्हतं.

सोडायची वेळ २०२१ मध्ये आली होती. जानेवारीत कोरोनाची आपली पहिली मोफत लस भूतान-मालदीवला गेली. मग दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. नागपुरात खाट मिळत नव्हती, तेव्हा लस बाहेर पाठवा असं म्हणायला कुणाची जीभ उचलली असती? माझीही नाही. पण भूतानची सगळी लोकसंख्या आपल्या शहराच्या निम्मीही नाही रे! त्यांच्या दुसऱ्या डोससाठी जुलैत अमेरिकेनं ५ लाख लसी पाठवल्या. भूतानचे अधिकारी इथे छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीत शिकायला येतात, आपल्याला घरचं मानतात. तेवढे डोस आपण कुठूनही काढून द्यायला हवे होते. तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय