काजव्यांच्या रानासाठी हातभार लावा: भंडारदरा परिसरातल्या पर्यटन व्यावसायिकांचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

मे सरत आला की भंडारदऱ्याच्या धरणाभोवतीची झाडं काजव्यांनी भरतात, हे आता मुंबई-पुणे-नाशिकच्या घराघरांत माहीत झालं आहे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर; एकेक झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका तालात पेटतं आणि विझतं. ते बघायला तुम्ही येता म्हणून शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल या गावांत पेरणीच्या तोंडावर चार पैसे हाती येतात. त्यातून भाताचं बियाणं येतं, पोरांच्या वह्या येतात. इथल्या बहुतेक कुटुंबांना वर्षाचं एकच पीक, तेही पावसाच्या भरवशावर. त्यामुळे हे दोन-तीन आठवडे आम्हाला फार मोलाचे आहेत.

आम्ही म्हणजे घरी पाहुणे ठेवणारी कुटुंबं, धरणाकाठचे टेंटवाले, लॉजवाले, जीपवाले, कळसूबाई-रतनगड-सांदणचे वाटाडे आणि जेवण करून देणाऱ्या बचत गटांतल्या महिला. इतकी वर्षं ज्याचा-त्याचा धंदा ज्याच्या-त्याच्यापाशी होता. एकाने रेट पाडला की शेजारचा आणखी पाडणार, शहरातला एजंट त्यातून आपला कट आधी काढून घेणार, आणि उरलेल्या पैशात जेवण, पाणी, साफसफाई भागवायची. अशाने कुणाचंच भलं होत नाही, गावाचं तर नाहीच. म्हणून यंदा आम्ही सगळे एका समितीत आलो आहोत. जेवणाचा आणि मुक्कामाचा रेट सगळीकडे सारखा ठेवला आहे. एका घरी पाहुणे जास्त झाले की पुढच्या घरी पाठवायचे, असा पाळीचा नियम केला आहे. दर पाहुण्यामागे दर रात्री २० रुपये प्रत्येकजण समितीत भरणार आहे.

सर्वांत मोठा निर्णय उजेडाचा. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. नर उडता उडता चमकतो, मादी बहुधा खाली गवतात नाहीतर झुडपावर बसून त्याला उत्तर देते. गाडीचे हेडलाइट, टेंटवरच्या माळा, मोबाइलचा फ्लॅश यांत हे उत्तर बुडून जातं. मीलन झालं नाही तर अंडी नाहीत, अंडी नाहीत तर पुढच्या वर्षी झाड काळंच राहणार. शिवाय काजव्याचं बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात, गोगलगायी खाऊन जातं. चमकणारा काजवा जगतो तो जेमतेम काही दिवस. झाडाखाली फोटोसाठी दहा माणसं शिरली की पायाखाली काय जातंय हे अंधारात दिसतही नाही.

म्हणून सीझनमध्ये टेंटवरच्या माळा बंद, स्पीकर बंद. मुक्कामाच्या घरांनी ओट्यावरचे दिवे दिवेलागणीलाच मालवायचे ठरवलं आहे. उडदावण्यातल्या एका घरी जाऊन बघा: पडवीत कंदील, आत चुलीच्या उजेडात तांदळाची भाकरी थापली जाते आणि पाहुण्यांची पंगत त्याच मंद उजेडात बसते. कुणाची तक्रार नाही, उलट लोक गप्पांना जास्त वेळ बसतात. वाटाड्या पोरांनी आपापल्या बॅटऱ्यांना लाल जिलेटिन कागद गुंडाळला आहे आणि उजेड जमिनीकडेच ठेवायचा, असं ठरलं आहे. शनिवार-रविवारी शेंडी ते घाटघर रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यावरही तोडगा काढायचा आहे: गाड्या शेंडीत लावायच्या आणि पुढे गावातल्याच जीपने जायचं. जीपवाल्यांनी त्यासाठी भाड्याचा ठरावीक दर मान्य केला आहे. वाड्यावरच्या आजारी माणसाला रात्री दवाखान्यात न्यायचं तर रस्ता मोकळा हवा.

एवढं आमचं आम्ही करतो आहोत. पण काही गोष्टी आमच्या २० रुपयांत बसत नाहीत, आणि त्यासाठीच हात पसरतो आहोत.

पहिली निकड पाण्याची. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. त्याचं पाणी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शेतांना जातं. वरच्या वाड्यांमध्ये मात्र मे महिन्यात विहिरी तळाला जातात. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आम्ही दरवर्षी भोगतो. काजव्यांचा सीझन नेमका त्याच दिवसांत येतो. पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी गावच्या विहिरीतून काढलं तर बायाबापड्यांची खेप आणखी लांबते. हे आम्हाला बिलकुल नको आहे. मुक्कामाच्या गावांमध्ये साठवणीच्या टाक्या बसवायच्या आहेत, म्हणजे पाहुण्यांचं पाणी वेगळं आणता येईल आणि सीझन संपला की पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणीही त्यात धरता येईल.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. पाण्याच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं, थर्माकोलच्या प्लेटा. वारा सुटला की हे सगळं धरणात नाहीतर भातखाचरात जातं. गोळा करायला आमची माणसं आहेत. वेगळा करून ठेवायला एक शेड आणि तो बाहेर न्यायला टेम्पोचं भाडं लागेल.

तिसरी, सुरक्षिततेची. सांदण दरी पावसाळ्यात ओढा होते आणि तिथे उतरू देत नाही, तरी लोक हट्ट करतात. कळसूबाईच्या शिड्यांवर गर्दीत पाय सटकतात. दोर, हेल्मेट, स्ट्रेचर, प्रथमोपचाराच्या पेट्या हव्यात. रेंज नसते तिथे बोलायला वॉकीटॉकी हवेत. तुम्ही डॉक्टर किंवा गिर्यारोहक असाल तर दोन दिवस येऊन आमच्या पोरांना शिकवा. राहण्या-जेवणाची सोय आमच्याकडे. ही मदत आम्हाला पैशाइतकीच मोठी आहे.

अकोले तालुक्यातली जी मंडळी नोकरी-धंद्यानिमित्त मुंबई-ठाण्याला आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. ही तुमचीच गावं आहेत. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, भिशीत हा विषय काढा. ट्रेकिंगचे ग्रुप चालवणाऱ्यांना विनंती, की तुम्ही आमच्याबरोबर या. तुमच्या ग्रुपच्या फीमधला छोटा वाटा इथे वळवा आणि शक्यतो शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी पाहुणे आणा. काजव्यांनाही सुटी मिळेल, आम्हालाही सगळ्यांकडे नीट लक्ष देता येईल.

रक्कम कितीही असो, ५० रुपयेही चालतील. मात्र समितीची छापील पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नका. पावती आमच्यातल्या प्रत्येक मुक्कामाच्या घरी आणि टेंटवर मिळेल. वनखात्याचा प्रवेशकर वेगळा, तो नाक्यावर भरायचाच. जमा किती आणि खर्च कशावर, याचा हिशेब सीझन संपल्यावर ग्रामसभेत वाचला जाईल आणि शेंडीच्या चौकात फलकावर लावला जाईल. वस्तू द्यायच्या असतील तर आधी विचारून द्या. जुने कपडे पुष्कळ येतात, दोर आणि टाक्या येत नाहीत.

बुकिंग करताना टेंटवाल्याला किंवा घरमालकाला एवढंच विचारा: समितीत आहात का? नसेल तर त्यालाही आमच्याकडे पाठवा, दार उघडं आहे.

आपले,
भंडारदरा परिसरातले घरमुक्काम, टेंट, लॉज, जीप व वाटाडे व्यावसायिक आणि महिला बचत गट