पंच्याहत्तर हजारांच्या अक्षता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लग्नाची बुकिंग करताना काय काळजी घ्यावी, हा कालच्या पुरवणीतला सल्ला दोनदा वाचला. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला, कारण पहिल्या वेळी वाटलं माझंच काही सुटलं असेल. सुटलेलं नव्हतं. अख्ख्या पानाचा सारांश एवढाच, की 'ग्राहकांनी करार नीट वाचूनच सही करावी'. आणि पान उलटलं की मंगल कार्यालयांच्या जाहिराती. मोजल्या, अकरा आहेत.

कुठला करार? आम्हाला मिळाली ती पावती पुस्तकातली कच्ची पावती. पुढे रक्कम, तारीख, सकाळ की संध्याकाळ. मागे मुंगीएवढ्या अक्षरात सात नियम, त्यातला चौथा, 'कोणत्याही कारणास्तव आगाऊ रक्कम परत मिळणार नाही'. सही त्यांची, माझी नाहीच. पक्की पावती मागितली तर 'मग अठरा टक्के जीएसटी वेगळा पडेल काका' म्हणाले. बिल न देणं ही ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुमच्या पानावरही ते नाही.

मुलगी पुण्यात नोकरीला, म्हणून कार्यालय पुण्यातलं. डिसेंबर २०२४ चा मुहूर्त, भाडं दीड लाख, निम्मे म्हणजे पंच्याहत्तर हजार आगाऊ दिले. ऑगस्टमध्ये होणाऱ्या व्याह्यांना पक्षाघाताचा झटका आला. दोन्ही घरांनी मिळून ठरवलं, समारंभ नको. त्याच आठवड्यात कार्यालयाला लेखी कळवलं. हातात चार महिने होते, संपादकसाहेब.

व्यवस्थापक फार गोड माणूस. चहा पाजला. म्हणाला, पैसे परत नाहीत, पण वर्षभरात दुसरं कार्य केलंत तर वळते करून देऊ. मुलगी एकुलती एक. मग मुंज? मुलगा नाही. मग म्हणतो, 'काका, तुमची सहस्रचंद्रदर्शन शांत करून टाकू इथे!' मला अडुसष्ट पूर्ण आहेत. त्या शांतीसाठी आणखी बारा-तेरा वर्षं जगावं लागेल आणि सवलत एका वर्षाची. हसू आलं, खरं सांगतो. घरी येईपर्यंत मात्र टिकलं नाही.

मी एस.टी.त होतो, बरीच वर्षं आरक्षणाच्या खिडकीवर. तिकीट रद्द करायला आलेल्याला आम्ही विचारायचो, गाडी कधीची? वेळ भरपूर असेल तर कपात थोडी, गाडी सुटायला आली की जास्त, सुटून गेली की काही नाही. लोक कुरकुरायचे, पण त्यात हिशोब होता. सुटलेली सीट रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळायची. दोघांचं पूर्ण भाडं घेऊन एकच सीट विकली असती तर आमच्यावर चौकशी बसली असती. कार्यालयवाल्याचं म्हणणं मला कळतं. मुहूर्त हा नाशवंत माल आहे, आठ दिवस आधी रद्द केलं तर त्याची तारीख वायाच जाणार. त्याने कापावेत. पण चार महिने आधी?

आता जे सांगतो ते घरात बायकोलाही उशिरा सांगितलं. आमच्या ठरलेल्या तारखेला मी मुलीकडे पिशवी पोचवायच्या निमित्ताने सकाळच्या गाडीने स्वारगेटला उतरलो आणि रिक्षा करून थेट कार्यालयावर गेलो. दारात कमान, सनई लावलेली, फलकावर दुसऱ्याच वधूवरांची नावं. फोटो काढला. तेवढ्यात एका पोरीने अत्तर लावून हातात अक्षता दिल्या आणि मी मुलाकडचा समजून आत बसवलं. बसलो. मंगलाष्टकं झाली, मीही अक्षता टाकल्या. त्या पोरांचा काय दोष! जेवायला न थांबता निघालो, माझे पंच्याहत्तर हजार तिथेच असताना जेवलो असतो तरी चाललं असतं.

भाचा वकील आहे, त्याच्याकडून जे कळलं ते तुमच्या तज्ज्ञांनी लिहायला हवं होतं. पावतीवर छापलं म्हणजे कायदा झाला असं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा. मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद प्रकरणात हे सांगितलं, २०१५ मध्ये कैलाशनाथ प्रकरणात पुन्हा सांगितलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई कसली. समोरचे म्हणतात हा 'इसार' आहे आणि इसार बुडतो. वाजवी इसार बुडू शकतो, हे भाचाही मान्य करतो. पाच-दहा हजार बुडाले असते तर मी हे पत्र लिहिलं नसतं. निम्मं भाडं म्हणजे इसार?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' अशी नवी व्याख्याच आहे. नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड लावणं त्यात येतं. गंमत अशी की केवळ त्या मुद्द्यावर तक्रार करायची तर जिल्ह्यात सोय नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणून आम्ही अनुचित व्यापारी प्रथा आणि सेवेतील त्रुटी असं मांडून जिल्हा आयोगात गेलो. दोन वर्षांच्या आत जावं लागतं. राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे पुण्याचे हेलपाटे वाचले. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला होता. मुलगी सौजन्याने बोलली, तक्रार नोंदवली, कार्यालयाकडे पाठवली. कार्यालयाने उत्तर दिलं नाही. हेल्पलाइनला मध्यस्थी करता येते, हुकूम सोडता येत नाही. प्रकरण चालू आहे, म्हणून कार्यालयाचं नाव लिहीत नाही.

आणि करोनात काय झालं ते तुम्हीच छापलं होतंत, विसरलात? एप्रिल २०२१ मध्ये सरकारने लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी मर्यादा घातली. आमच्या शेजाऱ्यांचं चारशे पानांचं लग्न होतं. त्यांनाही त्यांच्या कार्यालयाने चौथ्या नियमावरच बोट ठेवलं. म्हणजे सरकार थांबवो, आजारपण थांबवो, चौथा नियम काही थांबत नाही.

जाता जाता 'रॉयल्टी'बद्दलही लिहा कधीतरी. लेखक-गायकांना मिळते ती नव्हे. आपला आचारी आणला तर ताटामागे कार्यालयाला द्यायची ती. आपला फुलवाला आणला तर त्याचीही. वर जनरेटर वेगळा, सफाई वेगळी, भांडी मोजून घेताना दोन वाट्या कमी भरल्या तर त्या वेगळ्या. हे सगळं तोंडी, बुकिंगनंतर, चहा पिताना सांगतात. करार नीट वाचा म्हणे!

मुलीचं लग्न पुढे नोंदणी पद्धतीने झालं, व्याही काठी टेकत साक्षीदार म्हणून सही करायला आले. ती सही वाकडी आहे, पण आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये.)

ता.क. कालच्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात 'लग्नातील एक विधी' याला चार चौकटी होत्या. मी 'सप्तपदी' लिहिलं. आज तुम्ही उत्तर छापलंत 'मंगलाष्टक'. पाच अक्षरं चार घरांत कशी बसवायची, हेही कळवावं.