हिऱ्याच्या कार्डावरची बारीक अक्षरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराईच्या जाहिरातींत सध्या ‘सर्टिफाइड हिरे’ हे शब्द मोठ्या टायपात झळकतात. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई बांधव देशभर सोने गाळतात. टंचाच्या (सोन्याच्या शुद्धतेच्या) बाबतीत इकडच्या माणसाला फसवणे सोपे नाही. हिऱ्याची अंगठी घेताना मात्र हाच माणूस हिऱ्याच्या सर्टिफिकेटचे एटीएम कार्डाएवढे प्लास्टिकचे कार्ड न वाचता पाकिटात सरकवतो. म्हणून हे पत्र.

पहिली गल्लत हॉलमार्कची. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक दागिन्यातल्या सोन्यापुरताच असतो. हिऱ्याचा दागिना बहुधा १८ कॅरेटचा (७५०) किंवा १४ कॅरेटचा (५८५) असतो, ते ‘बीआयएस केअर’ ॲपवर पाहता येते. खड्याबद्दल तिथे अवाक्षर नसते. त्यात ‘कॅरेट’ या शब्दाने घोळ वाढवला आहे. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन: १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजेच १०० सेंट. दागिना ८.४०० ग्रॅम भरला आणि त्यात दीड कॅरेट हिरे असतील, तर त्यांचे ०.३०० ग्रॅम वजा जाऊन सोने ८.१०० ग्रॅम धरले पाहिजे. बिलात सोन्याचा दर ८.४०० वर लावला असेल, तर त्या ३०० मिलिग्रॅमचे पैसे तुम्ही दोनदा मोजता, एकदा सोने म्हणून आणि एकदा हिरा म्हणून.

आता कार्ड. सर्टिफिकेट सुट्या खड्याचे आहे की तयार दागिन्याचे, हे सर्वांत आधी पाहावे. सुटा खडा प्रयोगशाळेत काट्यावर तोलतात, नमुन्याच्या खड्यांशेजारी ठेवून रंग ठरवतात, दहापट भिंगाखाली दोष शोधतात. दागिन्यात बसवलेला खडा तोलता येत नाही. मागचे सोने रंगात मिसळते, नख्यांखाली दोष झाकतात. म्हणून दागिन्याच्या कार्डावर वजन अंदाजे किंवा ‘ग्राहकाने सांगितल्याप्रमाणे’ असे लिहिलेले आढळते. इथे ग्राहक म्हणजे दागिना तपासायला पाठवणारा सराफ, तुम्ही नव्हे! रंग ‘एफ-जी’, शुद्धता (आतल्या दोषांचे प्रमाण) ‘व्हीएस-एसआय’ (अगदी किरकोळ ते किरकोळ दोष) अशी जोडीने येते, कारण त्याहून नेमके सांगता येत नाही. पन्नास-साठ बारीक खड्यांच्या पेंडंटवर हेच कार्ड मिळणार आणि ते पुरेसेही आहे. पण ३० सेंटच्या पुढचा एकच खडा मोठ्या किमतीला घेत असाल, तर सुट्या खड्याचे सर्टिफिकेट मागा आणि शक्यतो खडा बसवण्याआधी पाहा.

कागद त्याच खड्याचा आहे, याची खात्री अशी करावी. जीआयए, आयजीआय यांसारख्या प्रयोगशाळांच्या संकेतस्थळावर रिपोर्टचा क्रमांक टाकला की नोंद दिसते. ती हातातल्या कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. पण खऱ्या कागदासोबत भलताच खडा दिला, तर संकेतस्थळ काय सांगणार? त्यासाठी खड्याच्या कडेच्या पट्ट्यावर, म्हणजे गर्डलवर, लेसरने कोरलेला क्रमांक भिंगातून वाचावा लागतो. बंद कोंदणात तो दिसत नाही. तेव्हा मापे कामी येतात.

समजा कागदावर गोल खडा, ०.५० कॅरेट, माप (व्यास × खोली) ५.१०–५.१३ × ३.१६ मिलिमीटर असे आहे. सरासरी व्यास ५.११५. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.००६१ केले की साधारण ०.५० येते, हिशेब जुळला. आता दुसरा खडा घ्या: वजन तेच, पण माप ५.०० × ३.२८. खोली व्यासाच्या ६५.६ टक्के झाली. वजन पोटात गेले, वरून खडा लहान दिसतो आणि उजेड परत वर येण्याऐवजी खालून निसटतो. गोल खड्याची खोली साधारण ५९ ते ६२.५ टक्के असलेली बरी. जीआयए कटाची (पैलूंच्या घडणीची) श्रेणी फक्त गोल ब्रिलियंटला देते. त्यांच्या कागदावर ओव्हल किंवा चौकोनी खड्याला ‘एक्सलंट’ दिसते ते पॉलिश आणि सिमेट्रीपुढचे असते, कटाचे नव्हे.

रंगाची पट्टी डीपासून झेडपर्यंत. डी-ई-एफ रंगहीन, जीपासून जेपर्यंत जवळपास रंगहीन. पिवळ्या सोन्यात बसवलेला एच आणि ई यांतला फरक घरच्या उजेडात ओळखणारा विरळाच. शुद्धतेतही व्हीव्हीएससाठी (व्हीएसच्या वरच्या पायरीसाठी) जादा पैसे मोजण्याचे मला कारण दिसत नाही. डोळ्यांना दोष न दिसणारा व्हीएस-२ घ्यावा आणि वाचलेला पैसा चांगल्या कटावर घालावा.

रिपोर्टच्या तळाची ‘कॉमेंट्स’ ही ओळ मात्र वाचलीच पाहिजे. रंग सुधारण्यासाठी केलेली एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णतेची) प्रक्रिया, लेसरने पाडलेले छिद्र, आराखड्यात न दाखवलेले ढग (सूक्ष्म ठिपक्यांचे पुंजके), सगळे तिथे बारीक टायपात असते. शुद्धतेची श्रेणी ढगांमुळे ठरलेली असेल तर खडा मंद वाटू शकतो. फ्लुओरेसन्स (अतिनील किरणांत खड्याचे चमकणे) ‘स्ट्राँग’ असेल तर खडा उन्हात नेऊन पाहा. काही खडे दुधाळ दिसतात.

प्रयोगशाळेत घडवलेला हिरा खोटा नसतो, पण खाणीतला नसतो आणि किंमत त्याच्या कितीतरी खाली असते. काउंटरवरचे पेनसारखे टेस्टर दोन्हींवर सारखेच वाजते, कारण दोन्ही कार्बनच. फक्त उष्णता पाहणारे टेस्टर असेल तर ते हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसानाइटलाही हिरा ठरवते. फरक यंत्रावरच कळतो, म्हणून कार्डावर ‘लॅबोरेटरी ग्रोन’, ‘सीव्हीडी’ किंवा ‘एचपीएचटी’ (हिरा घडवण्याच्या दोन पद्धती) शोधा; आयजीआयच्या अशा रिपोर्टचा क्रमांक ‘एलजी’ने सुरू होतो. ऑक्टोबर २०२५ पासून जीआयए या हिऱ्यांना डी-ई-एफ किंवा व्हीव्हीएस अशा श्रेणी देतच नाही, ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढेच लिहिते.

आणखी एक. सर्टिफिकेट हे खड्याचे वर्णन आहे, किमतीची हमी नाही. एक प्रयोगशाळा ज्याला ‘जी’ म्हणेल त्याला दुसरी सैल हाताने ‘ई’ म्हणू शकते. त्यामुळे दोन दुकानांचे दर ताडायचे तर एकाच प्रयोगशाळेचे कागद समोर हवेत. दर कॅरेटमागे असतो आणि १ कॅरेटला तो उडी मारतो, म्हणून ०.९५ चा खडा कॅरेटमागेही स्वस्त पडतो, दिसायला मात्र तेवढाच.

बिलावर खडा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, कॅरेटमधले वजन, दर, रिपोर्ट क्रमांक, सोन्याचे निव्वळ वजन, घडणावळ आणि मोड करताना हिऱ्याचे किती टक्के परत मिळणार, हे लिहून घ्यावे. तोंडी ‘आम्ही घेऊ की परत’ याला जिल्हा ग्राहक आयोगात किंमत नाही, आणि तिथली तक्रारही दोन वर्षांच्या आत करावी लागते.

सांगली, विटा, तासगावच्या सराफांना एकच विनंती: काट्याशेजारी दहापट भिंग ठेवा आणि गिऱ्हाईकाने न मागता ते त्याच्या हातात द्या.

– एक रत्नपारखी, विटा (जि. सांगली)