तारखेशिवाय आकडा: हॉर्मोन तपासणीबाबत तक्रार

दि. 14 ऑगस्ट 2025
सातारा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 22 जून रोजी केलेल्या महिला हॉर्मोन पॅकेजचा चुकीचा अर्थ लावणारा रिपोर्ट, तो परस्पर दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवणे व त्यावरून गोळ्या विकण्याचा प्रयत्न

महोदय / महोदया,

लग्नाला चार वर्षे झाली. गेले दहा महिने आम्ही चान्स घेत आहोत. डॉक्टरांकडे जाण्याआधी आपणच एकदा तपासून घ्यावे म्हणून मी तुमचे 2,800 रुपयांचे पॅकेज घेतले. 'पाळीच्या एकविसाव्या दिवशी करा' असे तुमच्या ॲपवर लिहिले होते. माझी पाळी 2 जूनला आली होती, म्हणून 22 जून ठरवला. रक्त घ्यायला आलेल्या मुलाला मी सांगितले, की माझी पाळी चौतीस-पस्तीस दिवसांनी येते, चालेल ना? तो म्हणाला, "मॅडम, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही." मुलगा सभ्य होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार रकाना नसल्याची आहे.

संध्याकाळी रिपोर्ट आला. तीन आकडे लाल. प्रोजेस्टेरॉन 0.7, एलएच (अंडे फुटायला चालना देणारे हॉर्मोन) 41.6, प्रोलॅक्टिन (अंगावरच्या दुधाशी संबंधित हॉर्मोन) 31.8. खाली शेरा : 'अंडोत्सर्ग झालेला नाही. हॉर्मोन असंतुलन. पीसीओडीची शक्यता.' म्हणजे अंडे फुटलेच नाही आणि अंडाशयाचा, पाळी बिघडवणारा आजार असू शकतो. त्या रात्री मी स्वयंपाकघरातला दिवा बंद करून ओट्याशी किती वेळ उभी होते, ते तुमच्या रिपोर्टमध्ये कुठेच येणार नाही.

पुढच्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आकडे बघण्याआधी कॅलेंडर मागितले. प्रोजेस्टेरॉन वाढते ते अंडे फुटल्यावर, आणि बघायचे असते पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर तो एकविसावा दिवस येतो. पस्तीस दिवसांची असेल तर अठ्ठाविसावा. माझी पुढची पाळी 7 जुलैला आली. म्हणजे 22 जूनला अंडे बहुधा फुटायच्या बेतात होते, आणि एलएच चढते ते नेमके त्याच सुमारास. जो आकडा तुम्ही आजार म्हणून लाल केलात, तो माझे शरीर वेळेवर काम करत असल्याची खूण होती. गंमत म्हणजे तुमच्याच रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत पाळीच्या मधल्या काळासाठी एलएचची वेगळी मर्यादा छापली आहे, आणि 41.6 तिच्यात आरामात बसते. ती ओळ तुमच्या यंत्रणेनेच वाचलेली नाही.

प्रोलॅक्टिनचेही तेच. वेळ नऊची दिली होती, माणूस पावणेसातला दारात. मी झोपेतून उठून तशीच हात पुढे करून बसले. हे हॉर्मोन झोपेत चढलेले असते, उठल्यावर दोन-तीन तासांनी, शांत बसून रक्त द्यावे लागते. दुसऱ्या लॅबमध्ये सकाळी दहा वाजता दिले तेव्हा 14.6 आले. 3 ऑगस्टला, म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी, प्रोजेस्टेरॉन 11.2. दोन्ही रिपोर्ट सोबत जोडले आहेत.

मी पतसंस्थेत हिशेब बघते. तारीख नसलेले व्हाउचर मी परत पाठवते, मग रक्कम कितीही बरोबर असो. तुमच्या रिपोर्टवर पाळीचा दिवस कुठेही छापलेला नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. मार्चमध्ये याच पत्त्यावरून सासूबाईंची साखर तपासली होती. तेवढ्यावरून माझा रिपोर्ट त्यांच्याही व्हॉट्सॲपवर गेला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. लाल रंग बघून घाबरल्या आणि काळजीपोटी भाचीला पाठवला. रात्रीपर्यंत तीन घरांत कळले. आम्ही चान्स घेतोय हेही तोवर कुणाला सांगितले नव्हते. त्या बिचाऱ्या अजून मला डिंकाचे लाडू करून देतात आणि नजर चुकवतात.

तिसरे. दुसऱ्याच दिवशी तुमच्या 'आरोग्य सल्लागार' बाईंचा फोन. "ताई, उशीर केलात तर पुढे त्रास होईल," असे म्हणत तीन महिन्यांच्या 6,500 रुपयांच्या गोळ्या. मी विचारले, आपण डॉक्टर आहात का? फोन कट.

माझ्या मागण्या : पॅकेजचे 2,800 रुपये परत मिळावेत. रिपोर्टवरील शेरा मागे घेतल्याचे लेखी द्यावे, कारण तो पुढे प्रत्येक डॉक्टर बघणार आहे. माझा रिपोर्ट दुसऱ्या क्रमांकावर कसा गेला याचा खुलासा करावा आणि तो क्रमांक माझ्या नोंदीतून काढावा. फॉर्ममध्ये पाळीची तारीख आणि किती दिवसांनी येते, हे दोन रकाने घालावेत. त्याला खर्च तो काय येणार?

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

उत्तर फक्त माझ्या मोबाइलवर किंवा ईमेलवर पाठवावे. सासूबाईंच्या फोनवर नको.

आपली ग्राहक
(नाव व नोंदणी क्रमांक सोबतच्या पावतीप्रमाणे)

सोबत : 22 जूनचा रिपोर्ट, पावती, दुसऱ्या लॅबचे दोन रिपोर्ट, व्हॉट्सॲप संदेशाचा स्क्रीनशॉट