गोझोच्या दिवसाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

विषय : माल्टा सहलीतील गोझो बेटाच्या दिवसाचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात तुमच्या आठ दिवसांच्या माल्टा सहलीला मी व पत्नी आलो होतो. बाकी सात दिवसांबद्दल तक्रार नाही. पण आम्ही पैसे भरले होते ते मुख्यतः गोझोसाठीच.

पत्नी इतिहासाची निवृत्त शिक्षिका. जगांतियाची पाषाणमंदिरं इ.स.पू. 3600 च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून हजारेक वर्षं जुनी. ती एकदा डोळ्यांनी बघायची म्हणून ती गुडघ्याला पट्टा बांधून आली. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘जगांतिया मंदिरे, प्रवेशासह’ असं स्वच्छ छापलंय. प्रत्यक्षात ही मंदिरं ज्या शारा गावात आहेत, तिथून बस न थांबता पुढे गेली. विचारलं तर तुमचे टूर मॅनेजर म्हणाले, “काकू, आता वेळ नाही. आणि तिथे दगडच तर आहेत!” त्यानंतर हॉटेल येईपर्यंत पत्नी एक शब्द बोलली नाही.

वेळ गेला कुठे, तेही सांगतो. त्याआधी दीड तास आम्हाला चांदीच्या तारकामाच्या दुकानात बसवून ठेवलं होतं. कार्यक्रमपत्रिकेत त्या दुकानाचं नावनिशाण नाही. आम्ही काही घेतलं नाही तेव्हा मॅनेजरांचा चेहरा का पडला, हे कळायला फार डोकं लागत नाही.

तुमच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर गोझोच्याच द्वेयरा किनाऱ्यावरची समुद्रातली दगडी कमान आहे. ती 8 मार्च 2017 ला वादळात कोसळली! आमच्या गटातल्या एक आजी ते पत्रक हातात धरून किनाऱ्यावर “कुठल्या बाजूला आहे हो?” असं विचारत फिरत होत्या. शेवटी जाळं नीट करत बसलेल्या एका कोळ्याने पत्रकाकडे पाहिलं आणि तळहात पालथा करून पाण्याकडे खाली नेला. मॅनेजर तोवर बसमध्ये जाऊन बसले होते.

फेरीबोटीचंही तेच. सकाळी माल्टाच्या बाजूच्या चिरकेव्वाच्या धक्क्यावर ‘जाण्याचं तिकीट’ म्हणून माणशी 5 युरो घेतले, संध्याकाळी गोझोच्या इम्जार बंदरात पुन्हा 5. जाताना तिकीट लागतच नाही, परतताना इम्जारला एकदाच काढायचं असतं, हे तिथल्या खिडकीवर कळलं. मग सकाळचे पैसे कशाचे? पावती मागितली, अजून मिळालेली नाही.

तुमच्या कार्यालयातल्या मुलीने फोनवर जगांतियाचं प्रवेशशुल्क परत देऊ म्हटलं. बोलली नम्रपणे, पण तेवढ्यावर आम्ही गप्प बसणार नाही. गोझोच्या दिवसाची दोघांची पूर्ण रक्कम आणि फेरीचे जादा 10 युरो परत करावेत, आणि मुखपृष्ठावरचा तो फोटो काढावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करणार आहोत. कार्यक्रमपत्रिका आणि मुखपृष्ठाची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपला,
आसन क्र. 14 व 15 चा प्रवासी