आधी अंडाशयांचं ठरव, स्तनांचं नंतर

प्रिय वैशाली,

तुझा रिपोर्ट नीट वाचला. बीआरसीए १ या जनुकातला बदल प्रयोगशाळेने 'पॅथोजेनिक', म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणारा, या वर्गात टाकलाय, त्यामुळे ऑपरेशनचा विचार करायला आधार आहे. तिथे 'व्हीयूएस', म्हणजे अर्थ अजून न कळलेला बदल, असं असतं, तर कुणी कितीही आग्रह केला तरी मी तुला नाहीच म्हटलं असतं. त्या वर्गातले बरेच बदल पुढे निरुपद्रवी ठरतात.

"स्तन, अंडाशयं, एकदाच सगळं काढून मोकळी होते," असं तू लिहिलंस. घाई समजते, पण हे दोन वेगळे निर्णय आहेत. अँजेलिना जोलीनेही २०१३ साली स्तनांचं ऑपरेशन जाहीर केलं आणि अंडाशयं २०१५ मध्ये काढली. तुझ्या बाबतीत मी क्रम उलटा ठेवेन.

कारण सांगते. बीआरसीए १ मध्ये असा बदल असलेल्या शंभर बायकांपैकी वयाच्या ८० पर्यंत साधारण ७२ जणींना स्तनाचा आणि ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो. मोठा आकडा स्तनाचा, म्हणून सगळी भीती तिकडे वळते. पण स्तनाचा कॅन्सर एमआरआयवर लवकर सापडू शकतो. अंडाशयाच्या बाबतीत सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी वर्षानुवर्षं करूनही मृत्यू कमी झाल्याचं दिसलेलं नाही. म्हणून बीआरसीए १ मध्ये ३५ ते ४० या वयात, मुलं झाल्यावर, अंडाशयं आणि गर्भनळ्या काढायचा सल्ला देतात. तू ३८ वर्षांची आहेस, दोन मुलं आहेत. हे पुढच्या वर्षावर ढकलू नकोस.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं, बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी घरी जातात. ते सोपं वाटतं, म्हणूनच त्यात हयगय होते. अंडाशयाकडे रक्त नेणारा बंध अंडाशयापासून निदान २ सेंमी वर कापायला हवा, नाहीतर अंडाशयाचा तुकडा आत राहू शकतो. पोट धुतलेलं पाणी तपासायला पाठवायला हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं पॅथॉलॉजीचं. हे कॅन्सर बहुतेक वेळा नळीच्या झालरीसारख्या टोकाला सुरू होतात, तेही काही मिलीमीटरचे. म्हणून पूर्ण नळी आणि अंडाशय २-३ मिमीच्या कापांत तपासावं लागतं. साध्या तपासणीत एक-दोन तुकडे बघतात आणि बाकीचं तसंच राहतं. फॉर्मवर "बीआरसीए १, जोखीम कमी करण्यासाठी" असं ठळक लिहून घे. लपलेला कॅन्सर निघालाच तर पुढचं मोठं ऑपरेशन लागतं, त्यामुळे पहिल्यापासूनच स्त्रीरोग-कॅन्सरचे सर्जन बघ. एवढं करूनही पोटाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचा थोडा धोका उरतो.

"आता फक्त नळ्या काढा, अंडाशयं नंतर," असंही कुणी सुचवेल. त्यावर अजून अभ्यास चालू आहेत. तुझ्या वयात मी त्यावर विसंबणार नाही.

पाळी मात्र एका दिवसात जाईल. अंगातून वाफा, झोपेचं खोबरं, कोरडेपणा आणि पुढे हाडं ठिसूळ होणं, हे सगळं खरं आहे. तुला स्तनाचा कॅन्सर झालेला नाही, त्यामुळे साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन घेता येतात. गर्भपिशवी ठेवली तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागेलच. घरचे "हार्मोन म्हणजे कॅन्सर" म्हणून घाबरवतील. हा विषय ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेव. हाडांची डेक्सा तपासणीही सुरुवातीलाच करून घे.

आता स्तन. दोन्ही काढले तर धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो, शून्य होत नाही. पर्याय म्हणजे दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी, शक्यतो सहा महिन्यांच्या अंतराने. पाळी चालू असेपर्यंत एमआरआय पाळी आल्यापासून सातव्या ते पंधराव्या दिवसात कर, नाहीतर खोटे ठिपके दिसून विनाकारण बायोप्सी होते. काढायचं ठरलं तरी आधी एमआरआय हवाच. कॅन्सर आहे हे ऑपरेशननंतर कळलं, तर कॅन्सर पसरताना आधी जिथे पोचतो ती काखेतली नेमकी गाठ शोधणं अवघड होतं, कारण त्या गाठीपर्यंत निळा रंग पोचवणारा स्तनच उरलेला नसतो.

निपल ठेवता येतं, पण संवेदना बहुतेक जाते. हे आधी कुणी स्पष्ट सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. तंबाखू, वाढलेली साखर किंवा फार ओघळलेले स्तन असतील तर तिथली त्वचा काळी पडून मरू शकते. इम्प्लांट जन्मभर टिकतीलच असं नाही, बदलावे लागू शकतात. पोटाच्या चरबीचा स्तन करायचा तर ऑपरेशन कित्येक तास चालतं आणि पोटावरही व्रण राहतो. काहीच न बसवता छाती सपाट ठेवणं हाही पूर्ण मान्य मार्ग आहे. एकदा काढलेले स्तन परत मिळत नाहीत. एमआरआय वेळेवर होत असेल तर या निर्णयाला वर्ष-दोन वर्षं लागली तरी चालतील.

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, तिथे मूळ रिपोर्ट घेऊन जा. आणि ताईला व दादाला सांग. दोघांनाही हा बदल असण्याची शक्यता निम्मी आहे. पुरुषांत तो प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचा धोका वाढवतो, मुलांकडेही जातो. त्यांना पूर्ण पॅनेल, म्हणजे अनेक जनुकांची तपासणी, लागत नाही, तुझ्या रिपोर्टमधला तो एकच बदल तपासला की झालं, खर्चही बराच कमी येतो. रिपोर्टची प्रत त्यांना आजच पाठव.

तुझीच,
मेधा